खिडकीवरचं बुजगावणं

अमेरिकेतलं स्कीइंग महाग झालंय असं म्हणायचा अवकाश, समोरून एक ठरलेलं उत्तर येतं. डेन्व्हरकडच्या मराठी घरांतल्या पॉटलकला येतं, ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी येतं, आणि रिसॉर्ट कंपन्यांच्या गुंतवणूकदारांपुढच्या निवेदनांतही, थोडी इस्त्री फिरवून, तेच येतं. "महाग कुठे झालंय? खिडकीवर तिकीट घेतं कोण? आधी पास घ्यायचा. मग दिवसाला किती पडतं ते बघ." यात 'तुला व्यवहार कळत नाही' हे न बोललेलं वाक्यही असतंच. हे उत्तर निखालस खोटं असतं तर दोन ओळींत मिटलं असतं. ते अर्धं खरं आहे आणि उरलेल्या अर्ध्यात सगळी मेख आहे.

आधी त्यांची बाजू, शक्य तितकी भक्कम करून. कोलोरॅडोतलं व्हेल डिसेंबर 1962 मध्ये उघडलं तेव्हा दिवसाचं तिकीट 5 डॉलर होतं. तेव्हापासूनची सर्वसाधारण महागाई धरली तर त्याचे आज 53-54 डॉलर होतात. 2024-25 च्या हंगामात गर्दीच्या दिवशी त्याच व्हेलच्या खिडकीवर 329 डॉलर मागत होते. पुढच्या हंगामात आकडा 356 वर गेला. पण या डोंगरावर लिफ्ट चालवणारी व्हेल रिसॉर्ट्स कंपनी 'एपिक पास'ही विकते. 2008 मध्ये 579 डॉलरला सुरू झालेला हा पास 2025-26 साठी 1,051 डॉलरला विक्रीला आला. त्यात एकटं व्हेल नाही; ब्रेकनरिज आहे, युटातलं पार्क सिटी आहे, कॅनडातलं व्हिसलर आहे, असे डझनावारी डोंगर आहेत. हंगामात 20 दिवस गेलात तर दिवस साडेबावन्न डॉलरला पडला. म्हणजे जवळजवळ 1962 चाच भाव, आणि वर लिफ्ट तेव्हापेक्षा कितीतरी वेगवान, उतार रोज रात्री यंत्रं फिरवून सारखे केलेले. पासवाले जिंकले म्हणायचे.

आता त्याच गणितात 20 च्या जागी 3 घाला. दिवस 350 डॉलरला पडला. हा जवळजवळ खिडकीचाच भाव, फक्त सहा महिने आधी भरलेला.

तेव्हा प्रश्न पास स्वस्त आहे का हा नाही. तो कुणाला स्वस्त आहे हा आहे. हंगामात 20 दिवस डोंगरावर जातो तो माणूस कोण? तो डोंगरापासून दोन-अडीच तासांच्या आत राहतो. शनिवारी पहाटे पाचला उठून आय-70 महामार्गावरच्या रांगेत शिरायची त्याची तयारी असते. त्याचे बूट, स्की, हेल्मेट, जाकीट गॅरेजमध्ये असतात. मुख्य म्हणजे त्याला स्कीइंग आधीच येतं. मीही पास घेतो, या वर्णनात बऱ्यापैकी बसतो, आणि मला तो परवडतो हे नाकारत नाही. पण जो आधीपासून आत आहे त्याला आत राहणं स्वस्त आहे, एवढंच यातून सिद्ध होतं. तक्रार बाहेरच्या माणसाची होती. तिला उत्तर म्हणून आतल्या माणसाची पावती दाखवणं हा युक्तिवाद नव्हे.

356 डॉलर हा लिफ्टच्या फेऱ्यांचा हिशेब करून काढलेला दर आहे, अशी कुणाची समजूत असेल तर ती सोडून द्यावी. तो आकडा बुजगावणं आहे. खिडकीकडे येणाऱ्यानं लांबूनच बिचकावं आणि पासाकडे वळावं यासाठी तो उभा केलेला आहे. कंपनीला पासाचे पैसे वसंतापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत मिळतात, म्हणजे बर्फाचा पत्ता नसताना. एखाद्या वर्षी जानेवारी कोरडा गेला, तर पूर्वी नुकसान रिसॉर्टचं व्हायचं. लोक यायचे नाहीत, गल्ला रिकामा राहायचा. आता गल्ला आधीच भरलेला असतो आणि कोरडा जानेवारी पासवाल्याच्या वाट्याला येतो. पाय मोडला, नोकरी गेली तर काही अटींवर परतावा मिळतो. बर्फ कमी पडलं म्हणून मिळत नाही. कंपनीच्याच सांगण्याप्रमाणे तिच्याकडच्या साधारण तीन-चतुर्थांश भेटी आता अशा आगाऊ विकलेल्या पासांवर होतात. धंदा म्हणून ही कल्पना अफलातून आहे. रॉब कॅट्झ या कंपनीप्रमुखानं ती रुजवली, नंतर अल्टेरा या दुसऱ्या मोठ्या कंपनीनं 2018 मध्ये 'आयकॉन पास' काढून तीच वाट धरली. पण तिला ग्राहकावरचा उपकार म्हणू नका. हवामानाची जोखीम कंपनीच्या खांद्यावरून उतरवून तुमच्या खांद्यावर ठेवली, त्या बदल्यात दिलेली ती सूट आहे.

आणि बुजगावणं किती पोकळ आहे हे कंपनीनंच दाखवून दिलं. ऑगस्ट 2025 मध्ये व्हेल रिसॉर्ट्सनं जाहीर केलं की पासधारकांच्या मित्रांना खिडकीचं तिकीट निम्म्या किमतीत मिळेल. जो दर मित्राच्या ओळखीवर थेट निम्मा होतो, तो खर्चावर आधारलेला होता असं आता कोणत्या तोंडानं सांगणार? शिवाय ही दिलदारीही अवेळी सुचलेली नव्हती. पासांची विक्री संख्येनं घसरायला लागली होती.

आगाऊ पासाच्या या व्यवस्थेत कोण बसत नाही ते बघा. पुण्याहून किंवा ठाण्याहून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आलेले भाऊ-वहिनी. त्यांचा व्हिसा नोव्हेंबरात झाला, तिकिटं त्यानंतर काढली, आणि ते उतरले तेव्हा पासांची विक्री संपलेली होती. चार मोठी माणसं, सुट्टीतला दिवस, सगळ्यांना एकदा बर्फावर जाऊन बघायचंय. यजमानाच्या पासावरची मित्रसवलत नसेल तर नुसत्या लिफ्टचेच 1,424 डॉलर. रुपयांत सव्वा लाखाच्या आसपास. भाड्याचं सामान, शिकवणीचा वर्ग, पार्किंग वेगळं. नवशिक्याला आख्खा डोंगर लागत नाही, त्याचा दिवस बनी स्लोपवर पडण्याउठण्यात जातो, हे खरं. पण मोठ्या रिसॉर्टात शिकवणीच्या दिवसालाही माणशी शेकड्यांतच मोजावे लागतात. मग काय होतं? यजमान मुलांना घेऊन वर जातो आणि पाहुणे लॉजच्या काचेआडून फोटो काढत, डब्यातल्या पोळीभाजीवर दिवस काढतात. हे कुटुंब आळशी नाही आणि अडाणीही नाही. त्याला फक्त मे महिन्यात ठाऊक नव्हतं की डिसेंबरात आपण इथे असू.

अगदी इथेच राहणाऱ्या नवशिक्याचंही तेच. जे कधी करून पाहिलेलं नाही त्यासाठी सहा महिने आधी हजार डॉलर कोण भरेल? या उद्योगाच्या संघटनेला वर्षानुवर्षं एक चिंता आहे: पहिल्यांदा येणाऱ्या साधारण सहा जणांतला एकच पुढे नियमित स्कीइंग करतो. बाकीचे पाच एक दिवस आपटून, गारठून, खिसा रिकामा करून जातात ते पुन्हा फिरकत नाहीत. हे ठाऊक असताना पहिल्या दिवसावरच सर्वांत जड किंमत लावायची, याला दूरदृष्टी म्हणता येत नाही. कोलोरॅडोतल्या लहान शाळकरी मुलांना हीच कंपनी वर्षाला काही दिवस फुकट देते, हे नोंदवायलाच हवं. चांगली योजना आहे. पण सहा वर्षांचं पोर एकटं लिफ्टवर बसत नाही. त्याच्यासोबत जो बाप बसतो तो खिडकीकडेच येतो.

दुसरा बचाव खर्चाचा. एक आधुनिक लिफ्ट बसवायची तर कोटभर डॉलर सहज लागतात, कृत्रिम बर्फासाठी पाणी, वीज, पंप, विमा, आणि अमेरिकेत रिसॉर्टच्या हद्दीतला जवळजवळ सगळाच उतार हिमस्खलनापासून सांभाळावा लागतो, युरोपासारखं आखलेल्या पट्ट्यांपुरतं भागत नाही. हे सगळं कबूल. म्हणूनच ताळेबंदाकडे वळू. व्हेल रिसॉर्ट्सचा 2024 च्या आर्थिक वर्षातला निव्वळ नफा 23 कोटी डॉलरच्या आसपास होता, आणि भागधारकांना वाटलेला लाभांश त्याहूनही जास्त होता. खर्चानं पिचलेल्या कंपनीची ही लक्षणं नव्हेत.

पैसा जातो कुठे हे 27 डिसेंबर 2024 ला पार्क सिटीत चव्हाट्यावर आलं. स्की पॅट्रोलचे सुमारे 200 जण ऐन नाताळच्या गर्दीत संपावर गेले. ही माणसं पहाटे अंधारात वर जाऊन स्फोटकं लावतात, सैल बर्फ मुद्दाम खाली पाडतात, म्हणजे दिवसा तो कुणाच्या अंगावर कोसळू नये. आणि कुणी जखमी झालं तर त्याला स्लेजवर बांधून उतारावरून खाली आणतात. सुरुवातीचा पगार ताशी 21 डॉलर, मागणी 23 ची. खिडकीवर तेव्हा 300 च्या वर घेत होते. दोन डॉलरच्या वादात कंपनीनं डोंगराचा मोठा भाग बंद ठेवला, उघड्या उतारांवर तासन्‌तास रांगा लागल्या, हजारो डॉलर मोजून आलेली कुटुंबं चडफडली, समभाग घसरला, आणि 8 जानेवारीला मागणी मान्य झाली. पॅट्रोलवाल्यांना पास फुकट मिळतो, असं कुणी तरी इथे म्हणेलच. मिळतो. पार्क सिटीतलं घरभाडं पासानं भरता येत नाही.

युरोपाचं उदाहरण दिलं की पासवाले अस्वस्थ होतात, म्हणून थोडक्यात देतो. स्वित्झर्लंडला कुणी स्वस्त देश म्हणत नाही; कॉफीच्या कपालाही तिथे विचार करावा लागतो. तरी तिथल्या नामांकित डोंगरांवर दिवसाचं तिकीट साधारण 100 फ्रँकच्या आत-बाहेर राहतं आणि ऑस्ट्रियात 80 युरोच्या आसपास. पुष्कळ ठिकाणी लिफ्ट कंपनीत गावाचा, स्थानिक हॉटेलवाल्यांचा हिस्सा असतो. पाहुणा गावात आला पाहिजे ही त्यांची गरज, त्यामुळे दारातच त्याला सोलून काढणं त्यांना परवडत नाही. आणि पासाची कल्पनाही त्यांना माहीत आहे. स्वित्झर्लंडमधल्याच सास-फेनं 2016 मध्ये 222 फ्रँकला हंगामी पास काढला होता. फरक इतकाच, की आल्प्समध्ये पास असला तरी दिवसाचं तिकीट माणसांसाठीच असतं.

तिसरा बचाव मला सर्वांत जास्त खटकतो: "स्कीइंग हा मुळातच श्रीमंतांचा खेळ आहे." मुळातच म्हणजे कधीपासून? नॉर्वेच्या टेलेमार्कमधला सोंद्रे नोरहाइम, ज्याला आधुनिक स्कीइंगचा जनक मानतात, तो दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारा कूळ शेतकरी होता. अमेरिकेतला पहिला रोप-टो, म्हणजे स्कीवाल्यांना वर ओढून नेणारा दोर, 1934 मध्ये व्हर्मांटातल्या वुडस्टॉकला एका कुरणावर उभा राहिला, फोर्ड मॉडेल टी गाडीच्या इंजिनावर. व्हेलचा संस्थापक पीट सायबर्ट हा दुसऱ्या महायुद्धात दहाव्या माउंटन डिव्हिजनमधून लढून इटलीत जबर जखमी झालेला सैनिक. 1936 चं सन व्हॅली मात्र खरोखर बड्यांसाठी होतं. युनियन पॅसिफिक रेल्वेला प्रवासी हवे होते म्हणून अ‍ॅव्हरेल हॅरिमननं ते उभारलं, आणि जगातली पहिली चेअरलिफ्ट तिथेच बसवली. तेव्हा दोन्ही धारा पहिल्यापासून आहेत. त्यांतली एकच खरी आणि दुसरी अपवाद, असं ठरवायचा अधिकार कुणी दिला?

या दोन्ही धारा शेजारी-शेजारी पाहायच्या असतील तर कोलोरॅडोतल्या स्टीमबोट स्प्रिंग्जला जावं. गावाच्या एका अंगाला अल्टेराच्या मालकीचं मोठं रिसॉर्ट आहे, सुट्टीतलं तिकीट 300 डॉलरकडे झुकलेलं. दुसऱ्या अंगाला, नदीपलीकडे, हाउल्सन हिल. कार्ल हाउल्सन हा नॉर्वेहून आलेला गवंडी. काही काळ त्यानं बार्नम अँड बेली सर्कशीत स्कीवरून उड्या मारून पोट भरलं, मग या गावात आला आणि पोरांना उड्या मारायला शिकवू लागला. त्याच्या नावाची ही टेकडी 1915 पासून चालू आहे. उत्तर अमेरिकेतलं सतत चालू असलेलं सर्वांत जुनं स्कीस्थळ म्हणून ती ओळखली जाते. मालकी नगरपालिकेची. उंची जेमतेम 440 फूट. शाळा सुटली की मुलं दप्तर टाकून तिथे जातात. या 440 फुटांच्या टेकडीवर घडलेल्या ऑलिंपिकपटूंची संख्या 90 च्या पुढे आहे. गेली काही वर्षं हंगामातल्या रविवारी तिथे लिफ्ट फुकट असते, आणि एरवीचं तिकीटही शेजारच्या रिसॉर्टपुढे किरकोळ.

यावर ताबडतोब आक्षेप येईल की हाउल्सन हिल तोट्यात चालते, करदात्यांच्या पैशावर. चालते. गावचं वाचनालय आणि पोहण्याचा तलावही तसाच चालतो. गावानं बसून ठरवलंय की मुलांना बर्फावर उभं राहता येणं ही पैसे घालण्यालायक गोष्ट आहे. लेडव्हिलजवळचं स्की कूपर असंच लेक काउंटीच्या मालकीचं. युद्धकाळात दहाव्या डिव्हिजनच्या सरावासाठी ते सुरू झालं. आयडाहोतलं बोगस बेसिन ना-नफा संस्था चालवते, आणि 1998 मध्ये तिनंच हंगामी पास 199 डॉलरवर आणून आख्ख्या उद्योगाला धक्का दिला होता. स्वस्त पासाची युक्ती पुढे मोठ्यांनी उचलली, खरी. पण बोगस बेसिननं पास स्वस्त केला तेव्हा लोकांना तिकडे हाकलायला खिडकीवर बुजगावणं उभं केलं नव्हतं.

उरला गर्दीचा मुद्दा. "किंमत उतरवली तर डोंगर तुंबेल." आज तो तुंबवतंय कोण? खिडकीवर 356 मोजणारा वर्षाला एकदा येतो. उतार भरतात ते आगाऊ विकलेले पास, जे एकट्या व्हेल रिसॉर्ट्सचेच 20 लाखांहून अधिक विकले जातात. अरापाहो बेसिन या छोट्या पण कसदार डोंगरानं 2019 मध्ये एपिक पासाशी असलेला करार नेमका याच कारणानं संपवला: पार्किंग पुरेना, उतारांवर माणूस मावेना. (पुढे 2024 मध्ये अल्टेरानंच तो डोंगर विकत घेतला.) म्हणजे गर्दी पासवाल्यांची आणि तिच्या नावावर दंड एकदा येणाऱ्याला.

मग हे सगळं मोजण्यालायक आहे का? स्कीइंग आहे. रात्री पडलेल्या ताज्या भुशभुशीत बर्फावरची सकाळची पहिली उतरण, गुडघ्यात, मांड्यांत, कानांतल्या वाऱ्यात जी जाणवते, तिच्या जागी दुसरं काही देता येईल असं मला वाटत नाही. चाळिशीत शिकलेल्यालाही ती मिळते. 356 डॉलरचं तिकीट मात्र मुळीच मोजण्यालायक नाही, आणि ते घेऊ नका असं मी उघड सांगतो. पाहुणे आले तर त्यांना कोलोरॅडोतल्याच लव्हलँड या स्कीस्थळावर न्या, कूपरला न्या, हाउल्सनच्या फुकट रविवारी न्या. पहिल्या दिवशी माणूस व्हेलवर पडला काय आणि हाउल्सनवर पडला काय, ढोपराला लागायचं तेवढंच लागतं.

पण ग्राहकाच्या शहाणपणावर हा विषय सोडायचा नाही, कारण हे डोंगर खाजगी नाहीत. व्हेलचे बहुतेक उतार व्हाइट रिव्हर राष्ट्रीय वनात आहेत; देशभरातली 120 च्या आसपास स्कीस्थळं अशीच फॉरेस्ट सर्व्हिसच्या जमिनीवर चालतात. 1986 च्या कायद्यानं कंपन्यांना 40 वर्षांपर्यंतचा परवाना मिळतो, आणि मोबदल्यात त्या उत्पन्नाच्या साधारण दीड ते चार टक्के शुल्क भरतात. जनतेच्या जमिनीवर 40 वर्षांची मुभा देताना सरकारला एक अट घालता आली पाहिजे: रोज अमुक इतकी नवशिक्यांची तिकिटं, पास नसलेल्यांसाठी, आवाक्यातल्या दरात, त्याच दिवशी खिडकीवर.

सरकारनं का भाव ठरवायचे, हा प्रश्न आता यायचाच. अमेरिकेत तो नवा नाही. राष्ट्रीय उद्यानांतली हॉटेलं आणि उपाहारगृहं खाजगी कंत्राटदार चालवतात, आणि त्यांचे दर नॅशनल पार्क सर्व्हिसकडून मंजूर करून घ्यावे लागतात. योसेमिटीच्या हद्दीत बॅजर पास नावाचं एक स्कीस्थळ आहे, 1935 पासूनचं. तेही कंत्राटदारच चालवतो आणि त्याच्या तिकिटाचा दरही याच मंजुरीखाली येतो.